ड्यूररचा संत आणि तेरा वर्षांचा अबुल हसन

मुलांसमोर मोठ्या चित्रकाराचं चित्र ठेवायचं आणि 'काढ' म्हणायचं, ही रीत नवी नाही. मुघल चित्रशाळांत ती रोजचीच होती.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात १६०० सालचं एक रेखाचित्र आहे. त्यात शोकमग्न संत जॉन उभा आहे. मूळ चित्र जर्मन चित्रकार ड्यूररचं, १५११ सालचं. नक्कल करणाऱ्या अबुल हसनने त्यावर फारसीत स्वतःचं नाव आणि वय लिहून ठेवलंय: तेरावं वर्ष. त्याचे वडील आका रिझा हेरातचे, शहजादा सलीमच्या पदरी चित्रकार. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराकडे आले, तेव्हापासून युरोपची छापील चित्रं दरबारात पोहोचू लागली होती.

मुळात क्रुसावरच्या येशूचा संपूर्ण प्रसंग आहे. पोराने त्यातला एकच माणूस उचलला. निवड त्याची की उस्तादाची, कोण सांगणार! पण अंगरख्याच्या चुण्या, छायाप्रकाश हे सारं त्या एका आकृतीतून शिकता येतं.

'चित्रकला आपली नाही' असं मुलांना सांगणाऱ्यांशी मी फतव्यांवर वाद घालत नाही. हे चित्र दाखवतो. मुसलमान घरातलं पोर, ख्रिस्ती संत, आणि बापाला त्यात वावगं वाटलं नाही.

पुढे १६१८ मध्ये जहांगीरने अबुल हसनला 'नादिर-उज्-जमान' किताब दिला. बापाच्या कामाशी याची तुलनाच नको, असंही आत्मचरित्रात लिहिलं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत चिनारावर बागडणाऱ्या खारींचं एक चित्र आहे, ते त्याचंच मानतात. त्यात ड्यूरर शोधूनही सापडत नाही.