अर्ध्या गुणाचा इतिहास



वसंतातल्या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांच्या अपेक्षा साधारणतः ठरलेल्या असतात. संत, शाहीर, स्वातंत्र्याचा लढा, फार तर एखाद्या परदेशप्रवासाची हकीकत. अशा ठिकाणी गोल्फचा विषय काढणे म्हणजे कीर्तनाच्या मांडवात घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट काढण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहोत. यंत्रमागांच्या या गावाशी त्या खेळाचा काय संबंध, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. आम्ही स्वतःही गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही. आमचे नाते केवळ प्रेक्षकाचे. परंतु प्रेक्षकाचेही काही कर्तव्य असते, आणि ते आमच्याकडून एकदा चुकले. त्या चुकीची हकीकत सांगण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत.

गोल्फ हा साहेबांचा खेळ अशी आपली समजूत आहे आणि ती खोटीही नाही. परंतु तो या देशात काही काल-परवा आलेला नाही. कलकत्त्यास १८२९ साली गोल्फचा क्लब निघाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेर निघालेला तो पहिला क्लब मानतात. पाठोपाठ १८४२ मध्ये मुंबईतही क्लब स्थापन झाला. म्हणजे आपल्याकडे आगगाडी धावण्याच्या अकरा वर्षे अगोदर मुंबईत गोल्फ आला होता! पुढे छावण्यांतून तो लष्करात रुजला आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करी मैदानांवर अधिकाऱ्यांची मुले तो शिकू लागली. अशाच एका लष्करी डॉक्टरांचा मुलगा १९८७ साली पुण्यात जन्मला. अनिर्बान लाहिरी त्याचे नाव. घराणे बंगाली, परंतु जन्म पुण्याचा म्हणून आम्ही त्याच्यावर थोडा हक्क सांगत आलो आहोत.

गोल्फ हा मुळात एकट्याचा खेळ. आपला चेंडू, आपली काठी, आणि चूक झाली तर तीही आपलीच. अशा खेळाडूंना एकत्र बांधून त्यांचा संघ करण्याची कल्पना मोठ्या प्रमाणावर रूढ केली ती सॅम्युएल रायडर या इंग्रज व्यापाऱ्याने. हा गृहस्थ बागेच्या बियाण्याच्या पुड्या एकेका पेनीला विकून श्रीमंत झाला होता. त्याने दिलेल्या करंडकासाठी १९२७ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पहिला सामना झाला. पुढे ब्रिटनच्या बाजूस सारा युरोप आला. मग उरलेल्या जगाने काय करायचे? त्यासाठी १९९४ मध्ये प्रेसिडेंट्स कप निघाला. एका बाजूस अमेरिका आणि दुसऱ्या बाजूस युरोप सोडून सर्व जग. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, जपान, कोरिया, कॅनडा अशा देशांतले बारा खेळाडू एका निशाणाखाली उभे राहतात. त्यांची भाषा एक नाही, राष्ट्रगीत एक नाही. या संघाने २०२४ पर्यंत हा कप एकदाच, १९९८ साली मेलबर्नला जिंकला आणि २००३ साली दक्षिण आफ्रिकेत बरोबरी केली. एरवी दर वेळी अमेरिकाच जिंकत आली.

सामन्याची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. येथे एकूण फटके मोजत नाहीत. प्रत्येक होल ही एक वेगळी लढाई असते. ज्याने कमी फटक्यांत चेंडू होलमध्ये घातला, त्याने तो होल जिंकला. अशा अठरा लढायांचा मिळून एक सामना होतो. तो जिंकला तर संघाला एक गुण, बरोबरी झाली तर दोन्ही संघांना अर्धा अर्धा. काही सामने जोड्यांचे असतात. त्यांतल्या एका प्रकारात जोडीदारांचा चेंडू एकच असतो आणि दोघे आळीपाळीने तो मारतात. दुसऱ्यात प्रत्येकाचा चेंडू स्वतंत्र असून जोडीतल्या चांगल्या खेळाचा हिशेब धरतात. शेवटच्या दिवशी मात्र बाराच्या बारा खेळाडू एकेकटे लढतात.

आता २०१५ सालाकडे वळू. कोरियात इंचॉन येथे ऑक्टोबरमध्ये हा कप खेळला गेला. त्या वर्षी लाहिरीने मलेशियन आणि इंडियन ओपन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो बरोबरीने पाचवा आला होता. इतक्या मोठ्या स्पर्धेत तोवर कोणा भारतीयाने एवढी मजल मारली नव्हती. या बळावर तो प्रेसिडेंट्स कपच्या संघात आला आणि हा मान मिळवणारा पहिला भारतीय ठरला. तेव्हा आमचा आनंद काय वर्णावा! आमच्या ओळखीच्या ज्या मंडळींना गोल्फचे एक अक्षर कळत नव्हते, त्यांनाही आम्ही त्या चार दिवसांत सळो की पळो करून सोडले.

रविवार उजाडला तेव्हा अमेरिकेचे साडेनऊ आणि जगाचे साडेआठ गुण होते. एकूण गुण तीस. साडेपंधरा मिळवील तो जिंकणार. एकेरीचे बारा सामने असे अटीतटीचे झाले की कोणाचे पारडे कधी खाली जाईल, सांगता येईना. लाहिरीची गाठ ख्रिस कर्कशी पडली होती. सतरा होल संपले तेव्हा दोघे बरोबरीत. अठराव्या होलवर कर्कचा चेंडू सुमारे पंधरा फुटांवर होता. लाहिरीने मात्र सुरेख फटका मारून आपला चेंडू चारेक फुटांवर आणला होता. साऱ्यांना वाटले, हा होल लाहिरीचाच. कर्कने पंधरा फुटांवरून चेंडू आत घातला. आता लाहिरीला बरोबरी राखण्यासाठी ते चार फूट पार करायचे होते. त्याने चेंडू ढकलला. चेंडू होलच्या काठाला लागला, वळला आणि बाहेर राहिला.

शेवटचा सामना बे सांग-मून या कोरियन खेळाडूचा होता. त्याच्यासमोर अमेरिकेच्या कर्णधाराचा मुलगा, बिल हास. बे एका होलने मागे होता. अठरावा होल जिंकला असता तर त्याचा सामना बरोबरीत सुटता आणि कपही बरोबरीत सुटता. परंतु हिरवळीजवळून मारलेला त्याचा चेंडू पुरेसा उचललाच गेला नाही. आपल्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर तो खाली वाकला, तो क्षण विसरणे कठीण आहे. पुढे त्याला सक्तीच्या लष्करी सेवेत जायचे होते. अमेरिका साडेपंधरा, जग साडेचौदा!

आमची चूक झाली ती येथे. टेलिव्हिजन बंद करून आम्ही उठलो आणि घरातल्या मंडळींना एका वाक्यात निकाल सांगितला : ‘आपल्या पोराने चार फुटांवरून घालवले.’ पुढचे कित्येक दिवस ज्याला त्याला आम्ही हेच सांगत होतो. हिशेबही सोपा होता. लाहिरीला अर्धा गुण मिळाला असता तर दोन्ही संघ पंधरा-पंधरावर येते. चार फूट आणि अर्धा गुण! एवढा सुटसुटीत इतिहास दुसरा कोठे मिळणार?

पुढे एका रिकाम्या संध्याकाळी आम्ही चारही दिवसांचे निकाल वहीत उतरवून काढले. किराणा दुकानदार उधारीची वही मांडतो, तसे. आणि पाहतो तो त्या वहीतून निराळेच काही निघाले.

पहिल्या दिवशी, गुरुवारी, पाच सामने झाले. त्यांत अमेरिकेला चार गुण आणि जगाला एकच. तो एक गुण ब्रँडन ग्रेस आणि लुई ऊस्टहाइझन या दक्षिण आफ्रिकेच्या जोडीचा. शुक्रवारी जगाने पाचांपैकी साडेतीन गुण घेतले. शनिवारी चार-चार. रविवारी सहा-सहा. आता पहिला दिवस बाजूला ठेवा आणि उरलेल्या तीन दिवसांची बेरीज करा. जगाचे साडेतेरा, अमेरिकेचे साडेअकरा! म्हणजे शुक्रवारपासून हरलेला संघच सरस होता. कप रविवारी दुपारी हातचा गेला असे आम्ही समजत होतो. तो निसटू लागला होता गुरुवारीच, जेव्हा अद्याप कोणाचा श्वास रोखला गेला नव्हता.

खेळाडूंची खाती पाहू गेलो तर आणखी आश्चर्य. ग्रेस पाच सामने खेळला आणि पाचही जिंकला. ऊस्टहाइझनने चार जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. संघाच्या साडेचौदा गुणांपैकी साडेपाच या दोघा मित्रांनी मिळवले होते. याच्या उलट जेसन डे. दोनच महिन्यांपूर्वी त्याने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली होती. संघातला सर्वांत नामांकित खेळाडू तोच. त्याने पाच सामन्यांत एकही विजय मिळवला नाही. त्याच्या खाती केवळ अर्धा गुण. याचा अर्थ डे वाईट खेळला असा नव्हे. जोडीच्या सामन्यात जोडीदाराचा दिवसही पाहावा लागतो आणि समोर कोण आहे तेही. परंतु त्याच्या नावाने कोणी बोटे मोडली नाहीत, कारण त्याचे सामने शेवटच्या क्षणी, सर्वांच्या डोळ्यांदेखत बुडाले नव्हते. आणि बे? रविवारपर्यंत तो एकही सामना हरला नव्हता! लाहिरीच्या खाती त्या आठवड्यात एकही गुण लागला नाही, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु पाटी कोरी राहणे वेगळे आणि साऱ्या संघाचा पराभव एकट्याच्या माथी मारणे वेगळे.

आपल्या गावात हे समजावून सांगण्यास दृष्टांत शोधावा लागत नाही. मागावर ताण्याचा एक धागा सुरुवातीस तुटला आणि वेळीच जोडला नाही, तर ती रेघ कापडात शेवटपर्यंत उतरत जाते. व्यापारी तागा उलगडतो तेव्हा बोट ठेवतो ते समोर आलेल्या टोकावर. कारागीर मात्र जाणतो की दोष कोठे सुरू झाला.

इतिहासातही आपण त्या व्यापाऱ्यासारखेच वागत आलो आहोत. पानिपतचेच घ्या. १४ जानेवारी १७६१ ची ती संध्याकाळ झाल्यापासून आपण एका माणसाच्या शोधात आहोत. कोणी भाऊसाहेब म्हटले, कोणी होळकर म्हटले. त्या दिवसाअगोदरचे महिने, तुटलेली रसद, उपाशी छावणी, मित्र न मिळणे, या गोष्टी पुष्कळ काळ लोकांच्या बोलण्यात मागेच राहिल्या. सारी मोहीम नजरेसमोर ठेवली म्हणजे एका क्षणाचा आणि एका माणसाचा दोष आपोआप आपल्या मापाला येतो. गोल्फच्या चार फुटांना पानिपताशेजारी बसवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दोष देण्याची माणसाची खोड मात्र दोन्हीकडे एकच दिसते.

ही खोड नवी नाही, तसा तिच्यावरचा उताराही नवा नाही. रायडर कपात १९६९ साली शेवटच्या सामन्यात शेवटच्या होलवर टोनी जॅकलिन या इंग्रज खेळाडूला दोनेक फुटांवरून चेंडू घालायचा होता. चुकला असता तर कप बरोबरीत न सुटता अमेरिकेने सरळ जिंकला असता. समोर होता जॅक निकलस. त्याने जॅकलिनला चेंडू मारूच दिला नाही. तो फटका त्याने सोडून दिला. सामना बरोबरीत सुटला आणि कपही. निकलसच्या संघातल्या काहींना ते रुचले नाही म्हणतात. पण आज त्या वर्षीचे इतर निकाल कोणाच्या ध्यानात नाहीत; तेवढी एक गोष्ट आहे. दुसऱ्याच्या आयुष्यावर दोन फुटांचा कायमचा डाग पडू नये, एवढेच त्याने पाहिले.

आणि लाहिरीचे पुढे काय झाले? कर्णधार निक प्राइस याने त्याला २०१७ साली स्वतःच्या अधिकारात पुन्हा संघात घेतले. त्या वर्षी न्यूयॉर्कसमोरच्या किनाऱ्यावर जगाच्या संघाची दाणादाण उडाली. शनिवारी संध्याकाळी अमेरिकेचे साडेचौदा गुण झाले होते आणि जगाचे अवघे अडीच. आणखी एक गुण मिळताच, एकेरीचे सामने सुरू होण्यापूर्वीच, कपाचा निकाल लागणार होता. असे तोवर कधी घडले नव्हते. मैदानावर शेवटचा सामना उरला होता. त्यात लाहिरी आणि कोरियाचा किम सी-वू ही जोडी होती. त्यांनी तो सामना एका होलने जिंकला. कप दुसऱ्या दिवशी गेलाच. परंतु रविवारचे बारा सामने खेळण्याचा मान त्या दोघांनी आपल्या संघाला राखून दिला. पराभवाच्या वहीतली ही जमेची ओळ वाचायला किती प्रेक्षक थांबले असतील?

आम्हीही त्यापूर्वी थांबलो नव्हतो. म्हणून येथे एवढेच सांगतो की, २०१५ च्या त्या रविवारी ज्या घरातल्या मंडळींना आम्ही ‘आपल्या पोराने घालवले’ असे सांगितले होते, त्यांच्यापुढे आम्ही नंतर ती वही उघडून ठेवली आणि आपले वाक्य परत घेतले. मंडळींनी विचारले, ‘मग घालवले कोणी?’ आम्ही गुरुवारचे पान काढून दिले.