ताकद कोठे अडते?
ग्रीकांचा मिलो रोज वासरू उचलीत गेला आणि वासराचा बैल झाला तरी तो त्याला पेलत राहिला, अशी कथा आहे. कथा गोड खरी. पण तिच्यातला मिलो कधी अडत नाही. खरी माणसे अडतात.

दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेले अमेरिकन सैनिक शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात असेच अडले होते. हलके वजन पुष्कळ वेळा उचलावे, ही तेव्हाची रीत. तिने दम वाढे. पण सुकलेल्या मांडीत बळ येईना. तरुणपणी संधिवाताच्या तापातून उठून वजने उचलू लागलेल्या डॉ. टॉमस डीलॉर्म यांनी उलट केले. जेमतेम १० वेळा उचलेल इतके जड वजन दिले व ते आठवड्या-आठवड्याने वाढविले. १९४५ साली ही रीत प्रसिद्ध झाली. तीत एका वेळेस ७० ते १०० उचली होत्या.

१९४८ साली डॉ. वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी स्वतःचाच आकडा उतरविला : २० ते ३० पुरेत. १० निम्म्या वजनाने, १० पाऊण वजनाने, १० पूर्ण वजनाने. उचली कमी, म्हणूनच भार अधिक पेलतो.

श्रोतेहो, हजार बैठकांची थोरवी गाणाऱ्या आपण हा भेद ध्यानी ठेवावा. संख्येने दम येतो. अडलेल्या बळाला मात्र वाढता भार आणि आवरलेली संख्याच पुढे नेते.