कावेरीची वीज आणि बंगळूर

शहाजीराजांची जहागीर म्हणून बंगळूरचे नाव मराठी माणसाला परके नाही. परंतु इंधनाच्या दृष्टीने पाहिले, तर हे गाव पुढे औद्योगिक नगर व्हावे असे तेथे काहीच नव्हते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या पठारी शहराजवळ मोठी नदी नाही, बंदर नाही, आणि दगडी कोळशाची खाण तर शेकडो मैलांच्या परिसरात नाही. एकोणिसाव्या शतकात यंत्रयुगाचा लाभ ज्या नगरांना झाला, ती बहुधा कोळशाच्या खाणींपाशी तरी होती किंवा जहाजांच्या वाटेवर तरी होती. मुंबईच्या गिरण्यांनाही कोळसा दुरूनच आणावा लागे. पण तो बंदरात तरी उतरत असे. बंगळूरला जे जळण यावयाचे, ते रेल्वेचे भाडे अंगावर घेऊनच.

या अडचणीची उकल शहराने नव्हे, तर शहरापासून साठेक मैलांवर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींनी घडवून आणली. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज पेढीच्या व्यवस्थेखाली तेथे काम सुरू झाले होते. खाण जसजशी खोल जाई, तसतसा खर्च चढत जाई. पाणी उपसावयाचे, दगड वर ओढावयाचा, खाली हवा पोहोचवावयाची आणि वर आलेला दगड कुटावयाचा, या प्रत्येक कामास वाफेचे यंत्र हवे, आणि यंत्राला लाकूड अथवा कोळसा हवा. इकडे भोवतालची जंगले विरळ होत चाललेली. कापडाच्या गिरणीवाल्याला इंधन महागले, तर कापडाचा भाव वाढवून पाहता येतो. सोन्याच्या खाणीला ती सोय नव्हती. सुवर्णचलनाच्या त्या काळात सोन्याचा भाव लंडनमध्ये कायद्याने बांधलेला होता. तेव्हा नफा वाढवावयाचा, तर खर्च उतरविणे एवढाच मार्ग उरे. जागतिक व्यापाराचा असा फास एखाद्या गावाच्या सरपणापर्यंत कसा पोहोचतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण आहे.

म्हैसूर संस्थानचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात कावेरीवरील शिवनसमुद्रच्या धबधब्याकडे लक्ष गेले. तेथे नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळते. संस्थानच्या नोकरीत असलेले जोली द लोतबिनिएर हे लष्करी अभियंते जन्माने कॅनडाचे. त्यांनी युरोप-अमेरिकेत जाऊन तिकडची वीजकेंद्रे पाहिली आणि योजना सिद्ध केली. पाणचक्क्या स्वित्झर्लंडच्या एशर वीस कंपनीच्या, विद्युत्‌यंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची, खाणमालक लंडनचे, आणि ही अवजड यंत्रे नदीपर्यंत नेली ती हत्तींनी व बैलगाड्यांनी. १९०२ च्या जूनअखेर वीज सुरू झाली. ९२ मैलांच्या तारांवरून ती कोलारला पोहोचली. ही तार त्या वेळी जगातील सर्वांत लांब विद्युत्‌वाहिन्यांमध्ये गणली जाई. शेषाद्री अय्यर मात्र हे पाहावयास राहिले नाहीत. १९०१ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

बंगळूरला वीज मिळाली ती त्यानंतर, १९०५ च्या ऑगस्टमध्ये. रस्त्यावर विजेचे दिवे लावणारे हे हिंदुस्थानातील पहिले शहर, असे अभिमानाने सांगितले जाते. असल्या पहिलेपणाच्या वादात फारसे तथ्य नसते. दार्जिलिंगने डोंगरातल्या ओढ्यावर आपली वीज १८९७ सालीच निर्माण केली होती. लक्षात ठेवावयाचा क्रम निराळा आहे. आधी खाण, मग शहर, आणि ज्या खेड्यांच्या शेतांवरून या तारा गेल्या ती खेडी अगदी शेवटी. डोक्यावरून वीज जात असता त्यांच्या घरांत कित्येक वर्षे दिवट्या आणि चिमण्याच जळत राहिल्या. सोने लंडनला जाई. संस्थानच्या तिजोरीत स्वामित्वधन आणि विजेचे मोल जमा होई, आणि संस्थानच्या पुढील योजनांना त्याचे बळ मिळे, हे खरे. पण लाभाची वाटणी कोणत्या प्रमाणात झाली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

मागणी वाढताच दुसरी अडचण उघड झाली. उन्हाळ्यात कावेरी रोडावे. खाणींना वीज बारमाही हवी, नदी मात्र पावसाच्या मर्जीवर. म्हणून वरच्या अंगाला पाणी साठविण्याची कल्पना आली, आणि १९११ मध्ये कृष्णराजसागराचे काम आरंभले. त्यामागे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले आणि खडकवासल्याच्या तलावावर स्वयंचलित दरवाजे बसविणारे. पाणी अडवून ठेवण्याची विद्या ते महाराष्ट्रातून घेऊन गेले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. इकडे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरही तोच विचार चालू होता. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली आणि बंगालच्या कोळशावरचा त्यांचा भार हलका झाला.

वीज होती म्हणून सर्वच उद्योग सुलभ झाले असे नव्हे. भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याला दगडी कोळसा परवडण्याजोगा नव्हता. १९२३ मध्ये तेथील भट्टी पेटली ती जंगलातील लाकडाच्या कोळशावर. बंगळूरमध्ये त्यामानाने ज्यांना कोळशाची राशी लागत नाही, अचूक हात आणि भरवशाची वीज लागते, असे धंदे रुजले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये विमानांचा कारखाना येथेच उभारला. स्वातंत्र्यानंतर दूरध्वनी, यांत्रिक हत्यारे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचे सरकारी कारखाने आले. जोगच्या धबधब्याची वीज १९४८ पासून आणि शरावतीची साठीच्या दशकात मिळू लागली.

यामुळे १९७३ च्या तेलसंकटात, कच्च्या तेलाचे पिंप तीन डॉलरांवरून काही महिन्यांत अकरा डॉलरांच्या पुढे गेले, तेव्हा कर्नाटकाची वीज महागली नाही. ती सारी पाण्याचीच होती. मालमोटारी, रॉकेल आणि खते यांना मात्र झळ लागलीच. शिवाय पाऊस हुकला की वीजकपात ठरलेली. कोळशावरचे रायचूरचे पहिले संयंत्र चालू व्हावयास १९८५ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बंगळूरला आली. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यास वीज थोडी लागते, पण ती क्षणभरही खंडित झालेली चालत नाही. म्हणून अशा कार्यालयांच्या आवारात डिझेलचे जनित्र उभे राहिले, आणि नदीच्या विजेवर वाढलेले शहर खनिज तेलाच्या भावाशी बांधले गेले.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत व्यापले आणि तेल पुन्हा भडकले. देशावर कर्जाचा बोजा आधीच होता. तेलाने त्यावर कळस चढविला. १९९१ च्या मध्यास परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून लंडनला तारण म्हणून रवाना झाले. त्याच महिन्यात आर्थिक धोरण पालटले, परकीय भांडवलाला दारे उघडली, आणि परदेशाची कामे घेणाऱ्या बंगळूरच्या कंपन्यांना त्याचा सर्वांत मोठा लाभ झाला. कोलारच्या खाणी तेव्हा अखेरच्या घटका मोजीत होत्या. २००१ मध्ये त्या बंद पडल्या.

शहर वाढले तशी त्याची तहानही वाढली. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून बंगळूरला आणले जाते. ते उचलले जाते शिवनसमुद्राजवळूनच आणि पंपांनी टप्प्याटप्प्याने सुमारे अर्धा किलोमीटर उंच चढविले जाते. पाणीपुरवठ्याच्या खर्चात विजेचा वाटा सर्वांत मोठा आहे. या योजनेचा पाचवा टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला.