शेर एक, अर्थ दोन: वैजापूरची पायली आणि तराजू

‘शेरभर बाजरी’ म्हणजे नेमकी किती? शंभर वर्षांपूर्वीच्या वैजापुरात या प्रश्नाला एकच एक उत्तर नव्हते. शेर हे वजनही होते आणि मापही. तराजूत तोललेला शेर वेगळा, भांड्याने मोजलेला शेर वेगळा. नाव मात्र एकच.

मापाची उतरंड अशी: दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इथवर बहुतेक ठिकाणी एकमत. मण मात्र कुठे बारा पायल्यांचा, तर कुठे सोळा पायल्यांचा. वजनातही तीच गत. मुंबईचा मण २८ पौंडांचा, बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, आणि दोन्हींत शेर चाळीसच! म्हणजे एक शेर दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट.

खळ्यावर राज्य मापाचे होते. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. बलुतेदाराचा वाटा, मजुराचे धान्य, शेजारणीकडून आणलेले उसने पीठ, सारे भांड्यानेच मोजले जाई. पण १९००च्या सुमारास मनमाडहून निजामाच्या मुलखात रेल्वे आली आणि वैजापूरला रोटेगावचे स्थानक मिळाले. रेल्वेचे भाडे वजनावर ठरते. गावात मापाने घेतलेले धान्य आता वजनाने बाहेर जाऊ लागले, आणि या दोहोंमधले गणित ज्याच्या हाती, त्याच्या हाती नफा.

हे गणित सोपे नाही. भरीव दाण्याची पायली जड, पोचट दाण्याची हलकी. शिवाय शीग! भांडे काठाशी सपाट करायचे की वर रास राहू द्यायची, हे मोजणारा ठरवी. दोन भांड्यांत सपाट धान्य सारखेच मावत असले, तरी रुंद तोंडाच्या भांड्यावर शीग मोठी राहते. सपाट मापाने दिलेले धान्य शिगेच्या मापाने परत घेतले, तर कागदावर व्याज न लिहिताही व्याज वसूल होते. निरक्षर कुळाने दाद मागावी कुठे? आकडा तर दोन्ही वेळी तोच.

त्यात वैजापूर सीमेवरचे. पलीकडचे येवले आणि कोपरगाव इंग्रजी मुलखात, अलीकडे निजामाचा हाली रुपया. सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी. बाजारकऱ्याला मापाइतकेच नाण्याचेही रूपांतर तोंडपाठ हवे.

स्वतंत्र भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला. ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा ठरला, चाळीस शेरांचा मण सुमारे ३७.३ किलोचा. बाजारात तराजू जिंकला.

स्वयंपाकघराने मात्र भांडे सोडले नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचेच प्रमाण घराघरांत नेले, आणि ते योग्यही होते, किती घरांत काटा होता? पण पायलीचा पेच वाटीतही आहेच. २०० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २०० ग्रॅम, साखर साधारण १७०, तर चाळलेली कणीक जेमतेम ११० ग्रॅम मावते. तीच कणीक दाबून भरली, तर आकडा पुन्हा बदलतो.

भाजीबाजारात ‘पावशेर मिरच्या’ अजूनही मागितल्या जातात. जुन्या हिशेबाने त्या २३३ ग्रॅम. काट्यावर मिळतात २५०.