सुरखीची धाकटी बहीण

खानदेशातल्या जुन्या घरांत चुलीची राख टाकून देत नसत. भांडी घासायला ती लागे, आणि उरलेली कडधान्याला चोळून ठेवत, म्हणजे कीड लागत नसे. १९६८मध्ये भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा या मुलखाला राख नवी नव्हती. नवे होते तिचे ढीग. आपल्या दगडी कोळशात ३० ते ४० टक्के राखच असते. दहा वाघिणी कोळसा जळला की तीन-चार वाघिणी राख मागे उरते.

एवढ्या राखेचं करायचं काय, याचं उत्तर गवंड्यांच्या जुन्या विद्येत होतं. सिमेंट येण्याआधी ते चुन्यात सुरखी मिसळत. भाजक्या विटांची भुकटी म्हणजे सुरखी. फारसीत सुर्ख म्हणजे लाल, त्यावरून हे नाव. गोल चरात दगडी चाक फिरे, बैल ते ओढत, आणि त्या घाण्यात चुना, वाळू, सुरखी मळून निघे. नुसता चुना हवेत हळूहळू घट्ट होतो, पाण्याखाली होत नाही. भाजलेल्या मातीतली सिलिका त्याच्याशी बांधली गेली की तो पाण्यातही दगडासारखा बनतो. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावची ज्वालामुखीची राख रोमन गवंड्यांनी याच कामी वापरली. त्या गावावरून अशा सगळ्या पदार्थांना ‘पोझोलाना’ हे कुळाचं नाव मिळालं.

कोळशाची राख या कुळात फार उशिरा आली. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रेमंड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९३७मध्ये फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची धुरातून मिळणारी बारीक राख, घातलेल्या काँक्रीटवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. धरणाच्या जाड काँक्रीटमध्ये सिमेंट तापतं आणि तडे जातात. राखेनं ती उष्णता कमी होते. म्हणून अमेरिकेत हंग्री हॉर्स आणि आपल्याकडे रिहंद, अशा धरणांत तिला आधी जागा मिळाली.

तिचं काम सुरखीसारखंच आहे. सिमेंट पाण्याशी मिसळलं की त्यातून थोडा चुना सुटा पडतो. तो एरवी काही कामाचा नसतो. राखेतली सिलिका त्याला धरते आणि सिमेंटसारखाच चिकट बंध तयार करते. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये, म्हणजे दुकानातल्या ‘पीपीसी’च्या गोणीत, १५ ते ३५ टक्के राख चालते. तेवढं क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचे भाजलेले खडे, वाचतं, आणि इथेच खरी बचत आहे. क्लिंकरसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. भट्टीचा कोळसा जळतो तो वेगळाच, पण चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

विटांची गोष्ट कायद्यानं पुढे नेली. केंद्र सरकारनं १९९९मध्ये वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटांत राख मिसळणं सक्तीचं केलं. जळगाव त्या पहिल्याच वर्तुळात होतं. २००३मध्ये अंतर १०० किलोमीटर झालं, तरी धुळे शहर जरासं बाहेरच राहिलं. २०१६मध्ये ते ३०० झालं तेव्हा धुळेही आत आलं. राख, चुना आणि जिप्सम यांची ‘फाल-जी’ वीट तोवर विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास यांनी देशभर पोचवली होती. ती भट्टीत भाजावी लागत नाही, आणि शेताची वरची माती खरवडावी लागत नाही. तापीकाठच्या काळ्या, कसदार मातीसाठी एवढं कारणही पुरेसं आहे.

राख कोरडी उचलणं मात्र फार महत्त्वाचं. धुरातून विजेच्या भारानं ओढून घेतलेली बारीक, कोरडी राख सिमेंटला सर्वांत उपयोगी. हीच राख पाण्यात कालवून तळ्यात सोडली की भट्टीतळाची जाडी राखही तिच्यात मिसळते, तिचा गुण उतरतो, आणि उन्हाळ्यात तळं वाळलं की ती वाऱ्यावर उडून आसपासच्या पिकांवर बसते.

दुसरी अट पाण्याची. राखेचा बंध सावकाश जमतो. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ उष्ण, कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायला सांगतं, राखेच्या सिमेंटला १४. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो, विहिरी आटलेल्या असतात आणि टँकर मोजून मिळतो. तरीही स्लॅबवर ओलं गोणपाट पसरून चौदाव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी मारावंच लागतं.