लोखंडाशिवाय कमावलेले पाय

रोमचे 1960 चे ऑलिंपिक आपल्याकडे आठवते ते मिल्खा सिंग यांच्या थोडक्यात हुकलेल्या पदकामुळे. 400 मीटर शर्यतीत ते चौथे आले. त्याच आठवड्यात, त्याच मैदानावर एका जुन्या वादाचे दोन्ही पक्ष धावून गेले, याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. धावपटूने वजने उचलावीत की नाही, हा तो वाद. धावण्याची आवड असलेली मुले शिक्षकांना आजही हेच विचारतात. व्यायामशाळेत जाऊन लोखंड उचलण्याचा कंटाळा येतो; नुसते धावून अंग सडसडीत आणि पिळदार राहील का?

एक पक्ष ऑस्ट्रेलियाचा. मेलबर्नजवळ पोर्टसी येथे पर्सी सेरुटी नावाचे एक विक्षिप्त प्रशिक्षक समुद्रकाठी शिबिर चालवीत. शिष्यांना ते वाळूच्या उंच टेकडीवर पळायला लावत आणि जड वजनेही उचलायला लावत. त्यांचा शिष्य हर्ब एलियट याने रोमला 1500 मीटर शर्यत 3 मिनिटे 35.6 सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम केला. दुसरा धावपटू जवळजवळ तीन सेकंद मागे होता.

दुसरा पक्ष न्यूझीलंडचा. ऑकलंडचे आर्थर लायडिअर्ड हे बुटांच्या कारखान्यातले कामगार. शरीरशास्त्राचे शिक्षण नाही; प्रयोग केले ते स्वतःच्या शरीरावर. आठवड्याला 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर धावणे हा त्यांचा पाया. त्यात वायटाकेरे डोंगरातील वायटारुआचा 22 मैलांचा चढउताराचा रस्ता येई. काही आठवडे हा पाया घातल्यावर चढावर उड्या मारत जाण्याचे व्यायाम सुरू होत. लोखंडाला या वेळापत्रकात जागा नव्हती. 2 सप्टेंबर 1960 रोजी त्यांच्या पीटर स्नेल या शिष्याने 800 मीटरचे आणि मरे हालबर्ग याने 5000 मीटरचे सुवर्णपदक जिंकले. स्नेल काही काडीपैलवान नव्हता. वजन सुमारे 80 किलो आणि मांड्या भरदार. अवघ्या दोन फेऱ्यांच्या शर्यतीसाठी त्याने 22 मैल का धावावे, हे त्या काळच्या अनेकांना कोडेच वाटे.

दोघांचेही शिष्य जिंकले, तेव्हा पदके मोजून वाद मिटण्यासारखा नव्हता. पण आम्हांला लक्षणीय वाटते ते दोघांमधले साम्य. एकाने वाळूचा चढ निवडला, दुसऱ्याने डोंगराचा. सपाटीवर धावतानासुद्धा प्रत्येक पाऊल टेकताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट बल येते. चढावर उडी घेताना तेच शरीर वर ढकलायचे असते. स्नायूला भार कळतो. तो लोखंडाचा की स्वतःच्या देहाचा, हे त्याला कळत नाही.

याचे शास्त्र हळूहळू उलगडत गेले. स्नायूतील तंतू सगळे एकदम कामाला लागत नाहीत. अमेरिकेतील एल्वुड हेनेमन यांनी 1957 मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की आधी लहान चेतापेशी जाग्या होतात आणि बलाची गरज वाढेल तशा मोठ्या. लहान चेतापेशींच्या ताब्यात मंद पण न थकणारे तंतू असतात, मोठ्यांच्या ताब्यात जलद आणि जोरकस. जोरकस तंतूंना कामाला लावण्याचा सरळ मार्ग म्हणजे मोठे बल. लोखंड तेच करते, चढावरची उडीही तेच करते.

पण दुसरी एक वाटही आहे. फिलिप गॉलनिक आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी 1974 मध्ये सायकल चालवणाऱ्यांच्या मांडीतून सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. सौम्य पण दीर्घ व्यायामात मंद तंतूंमधील ग्लायकोजेनचा साठा आधी संपतो आणि मग जलद तंतूंची पाळी येते, असे त्यांना दिसले. वायटारुआच्या शेवटच्या काही मैलांत काय घडत असावे, हे यावरून समजते. पुढे स्वतः स्नेल अमेरिकेत गेला. गॉलनिक ज्या विद्यापीठात काम करीत, त्याच वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातून 1982 मध्ये त्याने शरीरक्रियाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि आपल्या गुरूच्या पद्धतीचे असेच स्पष्टीकरण तो देत असे. आपल्याच पायांचे कोडे सोडवायला बसलेला ऑलिंपिक विजेता विरळाच!

मग लोखंड निरुपयोगी म्हणावे काय? तसेही नाही. रॉबर्ट हिक्सन हा वजने उचलणारा तरुण संशोधक सेंट लुईसमध्ये जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत आला. धावण्याच्या सरावाने स्नायूंतील तंतुकणिका वाढतात, हे होलोझींनी 1967 मध्ये उंदरांवर दाखवून दिले होते. त्यांच्याबरोबर धावू लागल्यावर हिक्सनला आपले कमावलेले स्नायू झडताना दिसले, असे सांगतात. त्यातूनच 1980 चा त्याचा प्रसिद्ध प्रयोग निघाला. दहा आठवडे एका गटाने फक्त वजने उचलली, दुसऱ्याने फक्त दमसासाचा व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सात आठवडे पहिल्या गटाइतकीच वाढली, मग थबकली आणि शेवटी घसरली. दमसास मात्र कमी झाला नाही. वजने उचलली तर आपण धिप्पाड होऊ, या भीतीने लोखंडापासून दूर राहणाऱ्या धावपटूंनी हे जरूर वाचावे. भरपूर धावणाऱ्याला धिप्पाड होणे मुळातच अवघड असते.

लीना पाव्होलाइनेन यांनी फिनलंडमध्ये 1999 मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. सरावाचा सुमारे एक तृतीयांश वेळ उड्या, छोट्या वेगवान धावा आणि हलक्या वजनांचे झटपट व्यायाम यांना दिल्यावर नऊ आठवड्यांत धावपटूंची 5 किलोमीटरची वेळ सुधारली. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढली नव्हती. तेवढ्याच वेगाला ऑक्सिजन कमी लागू लागला होता.

आता 'पिळदार' या शब्दाविषयी. व्यायामशाळांच्या जाहिरातींत 'टोनिंग' नावाचा जणू वेगळाच व्यायाम असतो. प्रत्यक्षात आपल्याला दिसतो तो स्नायू आणि त्यावरचा चरबीचा पातळ थर. चरबीचा हिशेब सोपा आहे. इटलीचे रोडोल्फो मार्गारिया यांनी 1963 मध्ये दाखवले, की धावण्याला दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे 1 किलोकॅलरी लागते, आणि वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे 60 किलो वजनाच्या विद्यार्थ्याला 10 किलोमीटरला 600. एवढी ऊर्जा रोज खर्च करून जेवण तोडले, तर सडसडीतपणा आजार होतो. मुलींची पाळी थांबते, हाडे ठिसूळ होऊन नडगीला बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याला स्वतंत्र नाव दिले आणि मुलग्यांनाही त्याचा धोका असल्याचे सांगितले.

राहता राहिले हात आणि छाती. हालबर्गचा डावा हात रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने जन्माचा लुळा पडला होता, तरी तो 5000 मीटर जिंकला. शर्यतीला वरच्या अंगाची ताकद किती कमी लागते हे यावरून कळते, आणि धावण्याने ती का कमावता येत नाही हेही. ज्यांना तीही हवी आहे आणि लोखंड नको आहे, त्यांच्यासाठी आपल्या तालमीत दंड फार पूर्वीपासून आहेत.