गासडीचा नंबर आणि माणसाचं नाव

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये रविवारी सकाळी फिरायला गेलं, तर आपण मुंबईतच आहोत ना, अशी शंका येते. रुंद रस्ते, झाडांची सावली, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या दगडी इमारती, आणि माणूस जवळजवळ नाही. मागच्या हिवाळ्यात मी भाच्याबरोबर तिथं गेलो होतो. तो त्याच भागात एका ऑफिसात नोकरी करतो. चालता चालता म्हणाला, "मामू, पुढं धक्क्यावर आता मोठमोठ्या क्रूझ लागतात. नवं टर्मिनल बघण्यासारखं झालंय."

मी म्हटलं, "बघू. पण आधी तुझ्या नानांची गोदामं दाखव."

त्याला ती माहीत नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हती. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचं असंच आहे. घरातला एक माणूस मुंबईला बंदरात, गिरणीत किंवा बाजारात कामाला होता, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तो नेमका कुठं उभा राहून काय करत होता, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं.

आमचं मूळ गाव शेवगाव तालुक्यातलं. आम्ही पिंजारी. आजोबा खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचे, कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचे. आमच्या घरात कापूस म्हणजे फुंकर मारली तर उडणारी वस्तू. तोच कापूस मुंबईत जाऊन जड झाला. १९७२ च्या दुष्काळात अब्बांनी गाव सोडलं आणि कॉटन ग्रीनच्या गोदामांत हमाली धरली. प्रेसमध्ये दाबून आवळलेली कापसाची एक गासडी पावणेदोनशे किलोच्या घरात भरते. "पिंजाऱ्याच्या पोराला शेवटी कापसानंच वाकवलं," असं अब्बा हसून म्हणायचे. त्या हसण्यामागं दीडशे वर्षांचा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तो इतिहास सुरू होतो अमेरिकेत. १८६१ साली तिथं यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला. गिरण्यांनी हिंदुस्थानकडं तोंड वळवलं. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनमधल्या शेतकऱ्याला एकाएकी हवं तेवढं कर्ज मिळू लागलं, कारण व्यापाऱ्याला कापूस हवा होता आणि सावकाराला व्याज. १८६५ साली युद्ध संपलं. अमेरिकन कापूस पुन्हा बाजारात आला, इथले भाव कोसळले आणि कर्ज देणारे हात आखडले. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. कापूस गेला, खतं आणि रोखे मात्र सावकाराच्या पेटीत राहिले.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जाचे कागद जाळले. ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही पसरलं, पारनेर-श्रीगोंद्याच्या गावांतही होळ्या झाल्या. इतिहासात त्यांना 'दख्खनचे दंगे' म्हणतात. माणसांना मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर लोकांचा भर होता, हे त्या दंग्यांचं वैशिष्ट्य. कागदावर लिहिलेल्या नावाची ताकद काय असते, हे निरक्षर शेतकऱ्याला चांगलं कळत होतं. पुढं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, तो या दंग्यांमुळं.

आणि त्याच १८७५ साली मुंबईत कुलाब्याला ससून डॉक उभा राहिला. अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून या बगदादी यहुदी घराण्यातल्या व्यापाऱ्यानं तो बांधवून घेतला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिला 'वेट डॉक'. भरती-ओहोटीची पर्वा न करता त्यात जहाजावर माल चढवता येऊ लागला. एकाच वर्षी, एकाच कापसापायी, इकडं रोखे जळत होते आणि तिकडं धक्का बांधून होत होता. शाळेत आम्हाला या दोन गोष्टी दोन वेगळ्या पुस्तकांत शिकवल्या. त्या एकच गोष्ट आहेत, असं कुणी सांगितलं नाही.

पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्येच स्थापन झाला होता. मग १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक झाला. या शेवटच्याला आज इंदिरा डॉक म्हणतात. तो खणताना निघालेली माती समुद्रात टाकून जी बावीसेक एकर जमीन तयार झाली, तीच ही बॅलार्ड इस्टेट. तिची आखणी केली 'गेटवे ऑफ इंडिया'चे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी. नाव मिळालं पोर्ट ट्रस्टच्या संस्थापकांपैकी कर्नल बॅलार्ड यांचं. माती उपसणाऱ्याचं नाव रस्त्याला देण्याची पद्धत नसते.

आम्ही पी. डि'मेलो मार्गानं उत्तरेकडं चालू लागलो. हा पूर्वीचा फ्रिअर रोड. गव्हर्नरच्या नावाचा रस्ता गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाचा झाला, एवढी दुरुस्ती मात्र इतिहासानं केली आहे. उजव्या हाताला गोदीची लांबच लांब भिंत. एका ठिकाणी भाचा म्हणाला, "इथं आत पाणी होतं म्हणे." बरोबर होतं त्याचं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया, दोन्ही डॉक या शतकात भराव टाकून बुजवले. जिथं जहाजं तरंगत होती तिथं सपाट जमीन आहे. मी त्या भिंतीजवळ जरा वेळ थांबलो, कारण आमच्या घरातला एक माणूस बहुधा तिथंच हरवला.

आजोबांचा धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईला गेला होता. गोदीत तेव्हा कामगार भरती व्हायची टोळीवाल्यांकडून. सकाळी गेटवर उभं राहायचं, टोळीवाल्यानं बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी. रोजाची माणसं रोज वेगळी. आमचा चुलता महिन्या-दोन महिन्यांनी कुणाकडून तरी पोस्टकार्ड लिहवून पाठवायचा. १९४४ च्या उन्हाळ्यापासून कार्ड आलं नाही.

१४ एप्रिल १९४४. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभं होतं. ते इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघून कराचीमार्गे मुंबईला आलं होतं. त्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, ३१ पेट्यांमध्ये सुमारे नऊ लाख पौंडांचं सोनं होतं, आणि कराचीत चढवलेल्या हजारो गासड्या कापूस होता. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात ठेवू नये, हे कुणालाही कळेल. पण युद्धात जागा मिळेल तिथं माल भरला जात होता. दुपारी कापसाला आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. जळत्या कापसाचे बोळे शहरावर पडले. हजाराहून अधिक किलोमीटरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान मेले. आपण आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांच्या स्मरणार्थ. गोदी पुन्हा सुरू करायला आठ हजार माणसं सात महिने राबली आणि त्यांनी पाच लाख टन ढिगारा उपसला.

एकूण माणसं किती मेली? कुठं ८०० वाचायला मिळतं, कुठं १३००. मला हा फरक झोपू देत नाही. सोन्याच्या पेट्या मोजून ३१ आहेत. त्यांतल्या विटा पुढं तीसेक वर्षांनंतरही गाळ काढताना सापडत होत्या आणि सरकारजमा होऊन मालकाकडं, म्हणजे ब्रिटिश सरकारकडं परत जात होत्या. विटेचा हिशेब लागतो. पाचशे माणसांचा लागत नाही. कारण टोळीवाल्यानं त्या सकाळी कुणाकडं बोट दाखवलं, याची वही कुठं होती?

तेव्हा युद्धाची सेन्सॉरशिप होती. या स्फोटाची बातमी जगाला पहिल्यांदा दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. इथल्या बातमीदारांना सविस्तर लिहायची परवानगी मिळाली मे महिन्यात. शेवगावच्या बाजूला ती कधी पोचली असेल, कुणाला पोचली असेल? दादी सांगायची, आजोबांनी भावाची धनुकली आढ्याला टांगून ठेवली आणि मरेपर्यंत ती कुणाला वापरू दिली नाही. तो त्या दिवशी गोदीत होता याचा पुरावा माझ्याकडं नाही. नव्हता याचाही नाही.

पुढं नावं कागदावर यायला लागली, ती सहज नव्हे. गोदीतल्या कामगारांची नोंदणी व्हावी, असं १९३१ च्या रॉयल कमिशननं सांगितलं होतं. कायदा झाला १९४८ साली, स्वातंत्र्यानंतर. गोदीच्या बाहेर गोदामांत आणि बाजारांत राबणाऱ्यांना आणखी एकवीस वर्षं थांबावं लागलं. अण्णासाहेब पाटलांनी चळवळ चालवली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. अब्बा तीन वर्षांनी गेले म्हणून त्यांना बिल्ला मिळाला, नंबर मिळाला, उतारवयात चार पैसे हातात आले. चुलता नाव न ठेवता गेला आणि अब्बा नाव घेऊन परत आले. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत लोकांनी काय मिळवलं, असं कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगतो.

मग कंटेनर आला. शंभर माणसांचं काम क्रेन करू लागली. १९८९ साली पलीकडं न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि मुंबई बंदराचा माल तिकडं गेला. इकडची गोदामं ओस पडत गेली. आता त्या किनाऱ्याचं पुन्हा काहीतरी व्हायचं आहे. २०१४ साली केंद्र सरकारनं या जमिनीसाठी राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१७ साली ससून डॉकच्या एका जुन्या गोदामात चित्रकारांनी मोठं प्रदर्शन भरवलं. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून अटल सेतू सुरू झाला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. मी या बदलांच्या विरोधात नाही. पडकं गोदाम तसंच पडू द्यावं, असं ज्यानं त्यात ओझी वाहिली तो कधीच म्हणणार नाही.

पण जगात हे आधी झालेलं आहे, तिथं काय केलं ते पाहावं. आपला कापूस जिथं उतरायचा त्या लिव्हरपूलमध्ये अल्बर्ट डॉक म्हणून १८४६ ची गोदामं आहेत. ती १९७२ साली बंद पडली, म्हणजे आमचे अब्बा गाव सोडून निघाले त्याच वर्षी. १९८८ साली ती दुरुस्त होऊन उघडली. तिथं चित्रसंग्रहालय आलं, दुकानं आली, उपाहारगृहं आली. पण २००७ साली तिथंच गुलामगिरीच्या इतिहासाचं संग्रहालयही सुरू झालं. ज्या व्यापारावर शहर श्रीमंत झालं त्याची काळी बाजू त्यांनी त्याच धक्क्यावर मांडली.

आणि लिव्हरपूलपर्यंत तरी कशाला जायचं? याच मुंबई बंदराजवळ, मस्जिद बंदर भागात, भारतीय खलाशांचं वसतिगृह आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावं तिथं ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांवर खलाशांची नावं एका वहीत लिहून ठेवलेली आहेत. यांना समुद्राखेरीज कबर नाही. त्यांतले कितीतरी साधे जहाजी, कुणी भट्टीवर कोळसा टाकणारे. म्हणजे गरिबाचं नाव जपता येतं. ठरवावं मात्र लागतं.

आम्ही लोकल पकडून कॉटन ग्रीनला उतरलो. कापसाची गोदामं पूर्वी कुलाब्याला होती, १९२० नंतरच्या दशकात ती इकडं शिवडीच्या भरावावर आली. लांबच लांब रांगा, बंद शटर, मधून गवत. अब्बांचं गोदाम कोणतं, ते काही सापडलं नाही. भाच्यानं एका दारासमोर माझा फोटो काढला आणि विचारलं, "मामू, नानांचा बिल्ला आहे का कुठं?"

आहे. गावाकडं पत्र्याच्या ट्रंकेत आहे. आपल्या जिल्ह्यात अशा ट्रंका किती असतील! कुणाकडं बिल्ला, कुणाकडं मनीऑर्डरच्या पावत्या, कुणाकडं शेवटचं पोस्टकार्ड. मुंबईच्या गोदीचा अर्धा इतिहास त्या ट्रंकांत आहे आणि तो लिहायला मुंबईहून कुणी येणार नाही. तुमच्या घरात असा कुणी असेल, तर त्याचं नाव, गाव, गेल्याचं साल आणि कामाची जागा एका वहीत लिहून ठेवा. उद्या त्या किनाऱ्यावर नवी भिंत उभी राहील, तेव्हा तिच्यावर लिहायला नावं तरी हवीत.

परत आल्यावर मी वही आणली. पहिल्या पानावर चुलत्याचं नाव लिहिलं आहे. पुढचे रकाने कोरे आहेत, तरीही लिहिलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)